गोड्या पाण्याची बकुळ

"तुह्याच्यानं दहावी निघाली नाही, अन् तू मले झाडं शिकवून रायला काय बे?"

संघपाल काका असं बोलला, अन् हळू नाही बोलला. नर्सरीत गुलाबाच्या कुंड्या पाहाले आलेल्या दोन बाया मांगं वळून पाहाले लागल्या. काका माह्या बाबाचा लहाना भाऊ. अमरावतीले सरकारी नोकरीत हाये, तठीच नवा बंगला बांधला.

मीही गप रायलो नाही. म्या म्हटलं, "दहावीच्या पुस्तकात झाडं असती त तुमी तरी हे बांबूले बांधलेलं मढं पसंत केलं नसतं."

मढं म्हटलं अन् मायचा हात माह्या दंडावर आला. बोटं रुतली. तवा मले समजलं का आपण कोणत्या कामाले आलो अन् काय बोलून बसलो.

काम असं होतं. माहा बाबा, देवमन, मार्चमधी गेला. त्याची राख मायनं मडक्यात भरून, वरतं फडकं बांधून, घरात ठेवली होती. आमच्या वस्तीत आता राख नदीत नाही सोडत. खड्डा खंदते, राख खड्ड्यात घालते, अन् त्याच्यावर झाड लावते. वंदना होते, मंग जेवण. आजवर असे सहा खड्डे झाले अन् त्यातलं एक कडुनिंब तेवढं जगलं. बाकीचे वाळले. शेजारच्या नत्थुजीच्या मायचं झाड वाळलं त त्याच्या बायकोनं त्या बाजूच्या दारानं येणं-जाणंच बंद केलं. वाळलं तरी काढाची हिंमत नाही होत कोणाची. काढतीन कसं? थे नुसतं झाड नाही ना राहत मंग.

वाळते याच्यासाठी का आमचं गाव तेल्हाऱ्याकडचं, खाऱ्या पाण्याच्या पट्ट्यातलं. बोअरचं पाणी तोंडात घेतलं त जीभ आखडते. पाणी तापवाच्या गंजावर पांढरा थर बसते, सदाफुली लावली त महिन्याभरात कडा जळते, अन् माणसाच्या किडन्या जाते. बाबाच्या गेल्या. दोन वर्षं, आठवड्यातून दोनदा, अकोल्याले डायलिसिस. नेणारा मी, संगं माय. शाळा त्याच्यातच सुटली, कोणी सोडवली नाही. बाबाले पाणी मोजून द्या लागे. दिवसाचे चार कप. तो कप संपला तरी हातातच धरून बसे, मांगत नसे, नुसता धरून बसे. शेवटल्या आठवड्यात त्यानं मायले एकच गोष्ट सांगतली, "मले गोड्या पाण्याजवळ ठेवजा."

आता गोडं पाणी कोठी? काकाच्या बंगल्यात. नळाले रोज पाणी येते, गेटासमोर जागा हाये, काळ्या मातीखाली मुरूम. म्हणून माय म्हणे का राख तिकडंच. काका फोनवर रडला होता ऐकून. खोटा नव्हता रडला. बाबानं बाजार समितीत तुरीची पोती वाहून त्याले शिकवलं, हे तोच साऱ्याईले सांगत फिरते.

पण त्यानं तारीख काढली बुद्ध पौर्णिमेची. बंगल्याचं उद्‌घाटन अन् बाबाचं झाड, एकाच दिवशी. मे महिना, पारा पंचेचाळीसवर, कुत्रे नालीतून निंघत नाही असे दिवस. म्या फोनवरच सांगतलं होतं का जुलैपर्यंत थांबा. तो म्हणे पाहुण्याईले पत्रिका गेल्या.

तर आमी नर्सरीत उभे. मालकाचं नाव शेषराव. कानावर पेन खोसलेला, पायात बूट अन् बुटाले एक कण माती नाही. म्या पयले तेच पाह्यलं. त्यानं काकाले दाखवलेली बकुळ अकरा फुटाची होती. पानं अशी चकचकीत का कोणी तेल लावून पुसली असतीन. गोल डोकं, सरळ खोड, मोठ्ठी काळी पिशवी. काकाचं मन तठीच बसलं.

मले झाडाचं काय समजते ते सांगतो. ज्या दिवशी डायलिसिस नसे त्या दिवशी मी हायवेवर जाये, ठेकेदाराकडं. लोकाईले वाटते मी झाडं लावाले जाये. लावणारे दुसरे होते. माहं काम मेलेली उपटाचं. पयल्या वर्षी लावलेली उन्हाळ्यात मरते, त्याच खड्ड्यात दुसरी लावा लागते, म्हणून जुनी काढा लागते. हजारावर काढली असतीन म्या. वरून सारी सारकीच मेलेली दिसते. पण उपटलं का खालचं दिसते. मुळं पिशवीच्या आकारातच गोल गोल फिरलेली, बाजेच्या सुतळीवाणी, वर्ष झालं तरी बाहीर एक मूळ नाही. मातीत होतं थे झाड, पण मातीले भेटलंच नव्हतं. तेवापासून मी झाडाचं डोकं पाहत नाही. बूड पाहतो.

म्हणून बुडाशी बसलो. शेषरावच्या पोटात तवाच दुखाले लागलं.

पयले बांबूची सुतळी सोडली. अकरा फुटाची बकुळ हळूच अशी वाकली, दारू प्यालेल्या माणसानं भिंत शोधावी तशी. शेषराव धावत आला अन् परत बांधली. म्हणे, "अरे भाऊ, झाड घेऊन रायला का सोयरीक जुळवून रायला? पत्रिका बी पाहतं काय आता?" काका हसला.

मंग म्या खोड धरून हालवलं. पिशवीतली माती हालाले पायजे ना झाडासंगं? माती जागेवर, खोड तेवढं हाललं. हलणाऱ्या दातावाणी. पिशवी कोरी करकरीत, खालच्या भोकाईतून एक मूळ बाहीर नाही. अकरा फुटाचं झाड अन् पिशवी काल-परवाची. म्या विचारलं का जुन्या पिशवीतून यात कधी टाकलं. शेषरावनं उत्तर काकाकडं पाहून देल्लं का चार महिने झाले, चांगलं मुरलं हाये. ज्यानं विचारलं त्याच्याकडं पाहून सांगत नाही तो खोटं बोलते, हे मी दवाखान्यात शिकलो. डॉक्टर लोकं बाबाकडं न पाहता माह्याशी बोलाचे.

कोपऱ्यात, शेडच्या मांगं, चार फुटाच्या बकुळी होत्या. पानं किड्यानं खाल्लेली, भोकं भोकं, धूळ बसलेली. पण बूड अंगठ्याएवढं जाड, बांबू नाही, सुतळी नाही, आपल्या पायावर उभ्या. एकीचं खोड नखानं खरवडलं, आतून हिरवंगार. शेंड्यावर तांबूस कोवळी पानं. एक पिशवी उचलली त अख्खा गोळा घट्ट. म्या ती उचलून काकापुढं आणून ठेवली. म्हटलं ही न्या. ही दोन वर्षांत त्या लंबूले मांगं टाकीन, अन् मुख्य म्हणजे जगीन.

काका किती तरी वेळ त्या लहान्या झाडाकडं पाहत रायला. मले वाटलं मानलं यानं. मंग म्हणे, "माह्या भावानं माह्यासाठी पाठ मोडून घेतली. अन् मी त्याच्यासाठी काडी लावू काय? लोकं काय म्हणतीन?"

मढं त आधीच बोलून बसलो होतो. मायनं पदर डोक्यावर सारखा केला अन् म्हणे, "भाऊजी, तुमाले जे वाटते ते घ्या. याचं ऐकू नोका, याची जीभ त्याच्या ताब्यात नाही."

झालं. अकरा फुटाची घेतली.

---

खड्डा म्या खंदला. तीन फूट बाय तीन फूट, खाली मुरूम लागेस्तोवर. काका मजूर लावत होता, म्या लावू देल्ला नाही. बापाचा खड्डा कोण मजुराले खंदाले देते? माही बहीण पायल काकाकडंच राहते, नर्सिंग शिकते. तिनं दर अर्ध्या घंट्यानं पाणी आणून देल्लं. गोडं पाणी, फ्रीजमधलं. मी पीत होतो अन् मनात कप मोजत होतो.

पौर्णिमेच्या दिवशी सकाळी बंगल्यासमोर मांडव. काकाच्या हापिसातले लोकं पांढरे शर्ट घालून. "जय भीम, जय भीम" करत काका साऱ्याईले गेटापासून आत नेऊन दाखवे, हा हॉल, हे किचन, ही लॉन. लॉन म्हणजे हिरव्या गवताच्या चटया, आदल्या दिवशी आणून अंथरल्या होत्या, सांधे दिसून रायले होते. अन् तिच्यामधात माहा खड्डा. टेम्पोतून बकुळ उतरवली त लोकं वा वा कराले लागले. एक बाई म्हणे, लावल्यासारखी नाही वाटत, इथलीच वाटते. काकाची छाती फुगली. डोळेही भरले त्याचे, त्याच दमात.

बौद्धाचार्यांनी त्रिशरण, पंचशील घेतलं. मंग मायनं मडक्याचं फडकं सोडलं. मी खड्ड्यात उभा होतो, झाड धराले. तिनं राख माह्या पायाजवळ ओतली. वरून बारीक दिसे, पण त्यात तुकडे होते. मंग तांब्यानं पाणी ओतलं, नळाचं, हळूहळू, पूर्ण तांब्या. अन् तोंडातल्या तोंडात म्हणे, "घ्या. पोटभर घ्या." मले ऐकू आलं, बाकीच्याईले नसीन आलं.

चार माणसाईनं झाड उचलून खड्ड्यात उतरवलं. काकानं वरून सांगतलं का पिशवीचं बूड तेवढं काप, बाकीची राहू दे, नाही त गोळा फुटीन, शेषरावनं बजावून सांगतलं. म्या गोळा कलता करून ब्लेडनं बूड कापलं. माती भुरभुर निंघाली, नवी लाल माती अन् शेणखत. बोट आत घातलं. दोन पेरं गेलं अन् अडकलं. गुळगुळीत लागलं. मूळ असं लागत नाही.

नख लावून ओढलं त प्लास्टिकची कड हातात आली. जुनी, काळी, पातळ पिशवी. तिच्यावरच नवी पिशवी चढवली होती. लहान्या पिशवीतलं झाड, पिशवीसकट, मोठ्या पिशवीत टाकलं, भवताल माती भरली, अन् झालं मोठं झाड. आतली मुळं कधीच बाहीर येऊ शकणार नव्हती. गळ्याले फास लावून वरतं नवा सदरा घातल्यावाणी.

म्या वरतं पाह्यलं. काका खड्ड्याच्या कडेला उकिडवा बसला होता, त्यालेही ती कड दिसली. त्याचं तोंड एकदम पांढरं झालं. म्हणून मी खात्रीनं सांगतो का त्याले समजलं. तो काई मूर्ख नाही.

"हे काढा लागते," म्या हळूच म्हटलं. "आताच. झाड बाहीर काढा, दोन मिनिटांचं काम हाये."

तोही हळूच म्हणे, "आता नोको. राख घातली. सारे उभे हायेत. संध्याकाळी काढू, मी स्वतः काढतो तुह्यासंगं."

"संध्याकाळी वरून माती भरली राहीन, पाणी राहीन. आताच काढा."

"स्वप्निल, पाया पडतो तुह्या."

आता इथं म्या चुकलो. हळू बोलत रायलो असतो, मायले जवळ बोलावून तिचं बोट त्या पिशवीले लावलं असतं, त गोष्ट वेगळी झाली असती. पण माहं डोकं फिरलं. मी खड्ड्यातच उभा झालो अन् ओरडलो का तुमाले बाप नाही लावाचा, तुमाले लॉन सजवाची हाये. वरून मी अजून दोन शब्द बोललो, ते आता लिहीत नाही.

माय पुढं आली. वाकली अन् माह्या तोंडात मारली. तिच्या हाताले राख लागली होती, ती माह्या गालाले लागली. म्हणे, "बापाच्या मातीत उभा राहून भांडून रायला? चाल, निंघ बाहीर."

तिले वाटलं नर्सरीतलंच भांडण हाये, तेच पुढं ओढून रायला हा. तिची काय चूक? रोजच भांडतो मी. कंडक्टरशी, दवाखान्यातल्या पोराईशी, साऱ्याईशी. मी बाहीर निंघालो अन् गेटाबाहीर जाऊन उभा रायलो. मांगून फावड्याचा आवाज येत होता, माती पडाचा. लवकर भरून टाकलं त्याईनं.

संध्याकाळी काकाकडं पाहुणे संपतच नव्हते. मी दोनदा गेलो. पयल्यांदा म्हणे जेवून घे. दुसऱ्यांदा मले बाजूला घेतलं अन् म्हणे उद्या माळी येऊन रायला, त्याच्याकडून काढून घेतो, बाबासाहेबांची शपथ. अशी शपथ आमच्यात कोणी उगाच घेत नाही. मी मानलं.

परतीच्या बसमधी मायनं खिडकी घेतली. दर्यापूरपर्यंत ती माह्यावर रागावलेलीच होती. मंग एकदम म्हणे, "नळाले दोन घंटे पाणी असते म्हणे त्याईच्या. रोज." अन् हसली. मार्चपासून पयल्यांदा हसली. "आता त्याईले कोणी कप मोजून नाही देणार," म्हणे. अन् माह्या खांद्यावर डोकं टेकवून झोपली. दोन वर्षांत ती बसमधी कधी झोपली नव्हती. बाबाले धरून बसा लागे ना.

सांगाचं होतं त तवाच सांगाचं होतं. नाही सांगतलं. अकोट येईस्तोवर मी तिचं डोकं हालू नाही म्हणून तसाच आखडून बसलो, अन् नाही सांगतलं.

---

मंग मी रोज काकाले फोन करे. पयल्या दिवशी म्हणे माळी आला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणे काढली पिशवी, एकदम व्यवस्थित. म्या विचारलं कशी काढली, झाड उचललं का बाजूनं खंदलं? तो म्हणे, "खंदून." मंग म्हणे मीटिंग हाये.

पायल मायले फोटो पाठवे. माय त्या फोटोतल्या पानाईवर बोट फिरवे अन् शेजारच्या बायाईले दाखवे, का पहा कशी हिरवी हाये. पयले आठ-दहा दिवस हिरवी होतीच. मंग एका फोटोत पानं मले खाली लोंबल्यासारखी दिसली. मायले नाही दिसली. मंग दोन फोटो आले, चार दिवसाच्या अंतरानं, अन् दोन्हीत बकुळीच्या खाली निळी चप्पल तशीच उलटी पडलेली. एकच फोटो होता तो, नुसता इकडून कापलेला, तिकडून कापलेला. म्या पायलले लावला फोन. म्हटलं जुने फोटो काहून पाठवून रायली? ती म्हणे नवीन हाये. म्या चपलेचं सांगतलं. तिनं फोन कापला.

मी तवाच जाले पायजे होतं. पण हायवेचं काम सुरू होतं, अन् खरं सांगू, मले पाहाचं नव्हतं. हजार मेलेली उपटली म्या, पण ते पाहाचं नव्हतं.

जूनच्या शेवटी माय म्हणे, या रविवारी जाऊ. तिनं भाकरी अन् ठेचा न्याचं ठरवलं, बकुळीच्या बुडाशी बसून जेवीन म्हणे, त्याईच्यासंगं. काकाले तिनंच फोन लावला. काका म्हणे या ना वहिनी, या, झाड वाट पाहून रायलं तुमची. म्या ऐकलं, स्पीकरवर होता.

काल दुपारी पायलचा फोन आला. घराच्या गच्चीवरून बोलून रायली होती, हळू.

ती म्हणे का झाड जूनच्या दहा तारखेलेच गेलं. एका आठवड्यात सारी पानं झडली. तिनं नखानं खोड खरवडून पाह्यलं, म्या शिकवलं होतं तसं, आतून तपकिरी. काकानं पिशवी काढलीच नव्हती. माळी आला होता खरा, पण तो म्हणे आता खंदलं त आहे तेही मरीन, अन् काका घाबरला. रोज सकाळी हापिसात जायच्या आधी स्वतः बादलीनं पाणी घाले. डबल, तिबल पाणी. दुपारी जेवणाच्या सुट्टीत येऊन पाहून जाये. एका दिवशी तो त्या वाळलेल्या झाडाजवळ लॉनवर बसला अन् काकू बोलवे तरी उठला नाही, असं पायल सांगे.

मंग ती म्हणे का आता शेषरावकडून दुसरी बकुळ येऊन रायली. तितकीच उंच, तशीच गोल. उद्या दहा वाजता, म्हणजे आज. माय रविवारी यायच्या आधी लावून टाकाची. काकानं पायलले सांगतलं का तुह्या मायले काई बोलू नोको, तिच्यानं सहन होणार नाही, तिचं माणूस दुसऱ्यांदा नेऊ काय मी तिच्यापासून?

म्या विचारलं, "अन् जुनं?"

तिकडून गच्चीचं दार ओढल्याचा आवाज आला.

"पायल, जुन्याचं काय करून रायले? खड्ड्यातल्या मातीचं?"

ती म्हणे का नर्सरीवाल्यानं सांगतलं, वाळलेल्या झाडाची माती परत वापरू नोका, कीड असते, नवं झाडही मरीन. म्हणून सारी माती काढून ट्रॉलीत टाकाची. ट्रॉली बाहीरच्या वस्तीत कोठी तरी भरावाले जाऊन रायली. प्लॉटात. कोणाच्या तरी.

मी म्हटलं काकाले सांग त्याच्यात राख हाये. ती म्हणे सांगतलं, दादा. काका म्हणे राख आतापर्यंत मुरली राहीन खाली, राख काय वेगळी करता येते? अन् ती रडाले लागली. मंग म्हणे, "मी अठी राहतो, दादा. दोन वर्षं राहा लागते अजून. मी काय करू?" तिच्यावरही ओरडलो असतो मी. नाही ओरडलो. ओरडून एकदा काय झालं ते मले माहीत हाये.

काकाले फोन लावला त त्यानं उचलला नाही. पाचदा लावला.

रात्रभर मी मायकडं पाहत रायलो. सांगू का नोको सांगू? सांगतलं त तिच्यानं सहन नाही होणार असं काका म्हणते. काका खोटं बोलून रायला असं मी आतापर्यंत समजत होतो, पण या एका गोष्टीत तो खोटा हाये असं मले म्हणता येत नाही. अन् नाही सांगतलं त ती रविवारी कोणत्यातरी झाडाच्या बुडाशी बसून भाकर खाईन, अन् त्याच्याखाली कोणीच नसीन. तिच्यासमोर बसून मीही खाईन. ती भाकर खाल्ली जाईन माह्याच्यानं?

सकाळी पाचला ती चहा मांडत होती. म्या सांगतलं का अकोल्याले काम हाये, ठेकेदारानं बोलावलं. ती म्हणे रविवारपर्यंत येजो, आपल्याले जाचं हाये. म्हटलं येतो.

आता अकोल्याच्या स्टँडवर बसलो हाये. सात वाजून गेले. पोती आणली दोन, धुऊन वाळवलेली, अन् खुरपं. खड्ड्यातली सारी माती दोन पोत्यात नाही मावणार, मले माहीत हाये, तीन बाय तीनचा खड्डा हाये, म्याच खंदला. पण राख कोठी पडली होती ते मले माहीत हाये. माह्या डाव्या पायाजवळ. रस्त्याकडच्या बाजूनं. तेवढी माती आधी. ट्रॉलीवाला आला त त्याच्या चाकासमोर उभा राहीन, काकानं हात उचलला त उचलू देईन. ओरडणार नाही, एवढं ठरवलं.

मंग ती माती न्याची कोठी, ते ठरलं नाही. आमच्या घरी आणली त पुन्हा खाऱ्या पाण्यात. बाबानं एकच गोष्ट मांगतली होती. गोडं पाणी कोठी हाये, अन् त्या जागेवर उभं राहाचा हक्क कोणाजवळ हाये, हे दोन्ही एकाच ठिकाणी मले अजून सापडलं नाही. अन् मायचं काय करू तेही नाही. पोतं खांद्यावर घेऊन तिच्यासमोर कसा उभा राहू?

पायलचा मेसेज आला. शेषरावचा टेम्पो निंघाला म्हणते. दहा नाही, नऊलाच येईन. मूर्तिजापूर मार्गे गाडीनं दोन घंटे तरी लागते.

अमरावतीची लागली. मले निंघा लागते.